ऐकल्याशिवाय नाही म्हणू नये

लिफ्टमध्ये त्याला धरून आठ माणसं होती आणि आठही जणांची तोंडं दाराकडे. सातव्या मजल्यावर पाच जण उतरले, उरलेले जरा सैल झाले, आणि त्या सैलपणात कंपनीचा धोरणप्रमुख त्याच्या डाव्या कानाशी आला आणि हवापाण्याची चौकशी करावी तशा आवाजात म्हणाला, "काय कानकोरणं, बरं चाललंय ना?" एवढंच. नवव्या मजल्यावर धोरणप्रमुख उतरून गेलासुद्धा. दार मिटलं, लिफ्ट वर निघाली, आणि आपल्याला आठव्यावर उतरायचं होतं हे त्याच्या लक्षात यायला बारावा मजला उजाडला.

कानकोरणं हे त्याचं नाव नव्हतं. ते त्याने सतरा वर्षांपूर्वी घेतलेलं टोपणनाव होतं, आणि ते ऑफिसात कुणाला म्हणजे कुणालाही ठाऊक नव्हतं. त्या नावाने तो घरच्या कॉम्प्युटरवर, घरच्या वेळात, 'गाळणी' नावाचा एक प्रोग्रॅम सांभाळायचा. गाळणीचं काम साधं होतं: आलेल्या आवाजातून गोंगाट गाळायचा आणि माणसाचं बोलणं तेवढं खाली उतरू द्यायचं. कोड सगळ्यांसाठी उघडा. ज्याला हवा त्याने न्यावा, वापरावा, दुरुस्त करावा, मोबदला शून्य. आईच्या कानाला यंत्र लावलं त्या वर्षी त्याने ती लिहायला घेतली. आईचं यंत्र स्वस्तातलं होतं. ते पंखा, रस्ता, भांडी, शेजारचा हातोडा सगळंच मोठं करायचं. "मला सगळं ऐकू येतं रे," आई म्हणायची, "फक्त माणसं ऐकू येत नाहीत." हे ती तक्रार म्हणून नाही, बातमी म्हणून सांगायची, आणि त्यामुळेच ते त्याला जास्त लागायचं. गाळणी उघडी ठेवताना त्याने फार थोर विचार केला होता अशातला भाग नाही. तो स्वतः दुसऱ्यांचे उघडे कोड वाचूनच शिकला होता. फुकट घेतलेल्याचे पैसे मागायची त्याला लाज वाटली, इतकंच. आता लहान लहान कारखान्यांची कितीतरी श्रवणयंत्रं गाळणीवर चालत होती, आणि चार वर्षांपूर्वी कंपनीने ऑनलाइन बैठकांचा धंदा सुरू केला तेव्हा त्यातही गाळणीच बसली. आपणच लिहिलेली वस्तू आपल्याच ऑफिसात दुसऱ्या कुणीतरी शोधून आणावी आणि आपण टेबलापलीकडून "अरे वा, चांगली दिसते" म्हणावं, हा विनोद त्याने एकट्याने, गालातल्या गालात, चार वर्षं पुरवून खाल्ला होता. लपवण्याचं कारण होतं. कंपनीच्या मशीनवर केलेलं काम कंपनीचं, असं रुजू होतानाच्या करारात होतं, आणि म्हणून तो दोन्ही घरं वेगळी ठेवायचा, सवती ठेवाव्यात तशी.

मग सांगितलं कुणी? दिवसभर त्याचं बोट त्याच एका बटणावर रेंगाळत राहिलं. कानकोरणं म्हणजे आपणच, हे ठाऊक असलेली माणसं तीन. आई, ती आता नव्हती. बायको. आणि गाळणीच्या कामातली जोडीदार खारूताई, तिला त्यानेच कधीतरी सांगून टाकलं होतं. बायकोवर संशय घ्यायची लाज वाटली, म्हणून त्याने तो आधी तिच्या भावावर घेतला. मेहुणा गुंतवणुकीचा सल्लागार होता, दर रविवारी यायचा आणि दुनियेतली प्रत्येक गोष्ट कुणाच्या मालकीची आहे हे सांगायचा. मागच्या महिन्यात जेवणाच्या टेबलावर संपत्तीच्या फेरवाटपावरून वाद झाला होता. श्रीमंतांवर जास्त कर लावावा असं बायकोचं मत. ती शाळेत शिकवायची, आणि पंचेचाळीस मुलांना एक चेंडू दिला की काय होतं ते तिला माहीत होतं. मेहुणा म्हणाला, "ताई, पैसा वाटला की आटतो आणि गुंतवला की वाढतो. तूसुद्धा दर महिन्याला फंडात टाकतेस ना? मग तूही मालकच की. मालकाने मालकांविरुद्ध बोलू नये." बायको हसून म्हणाली होती, "आणि हे बघ, आमच्या घरात एकजण सतरा वर्षं फुकट वाटतोय, तो काही आटला नाही." मेहुण्याने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं होतं. कसं पाहिलं होतं? त्या वेळी ते कौतुक वाटलं होतं. आता आठवताना त्याला त्या नजरेत भाव विचारल्यासारखं काहीतरी दिसू लागलं, आणि जितक्या वेळा आठवावं तितकी ती नजर बारीक होत गेली.

संध्याकाळी बायको वह्या तपासत बसली होती. "तू तुझ्या भावाला माझं टोपणनाव सांगितलंस?" त्याने विचारलं. तिने लाल पेन खाली ठेवलं नाही. "कोणतं? कानकोरणं? छे. लोकांना सांगण्यासारखं आहे का ते?" "मग कंपनीला कसं कळलं?" आता तिने पेन ठेवलं. "कळू दे ना. चोरी केलीस का?" हा प्रश्न सरळ होता, पण चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं त्याला लख्ख, उघड्यावर पडल्यासारखं वाटलं. तो म्हणाला, "नाही." ती म्हणाली, "मग तुझी ती खारूताई असेल. माझ्यापेक्षा तिच्याशीच जास्त बोलतोस तू." ती हे थट्टेत म्हणाली का मनापासून, ते त्याला ठरवता आलं नाही. पण ते नाव त्याच्या आत पडलं आणि तिथेच राहिलं.

खारूताई दोन वर्षांपूर्वी आली. आली म्हणजे तिच्या दुरुस्त्या आल्या, आधी एक, मग आठवड्याला दोन. नाव, गाव, वय काही नाही, फक्त हे टोपणनाव आणि स्वच्छ, कमी शब्दांचं लिहिणं. तिच्या दुरुस्त्या इतक्या चांगल्या असायच्या की सहा महिन्यांत त्याने तिला गाळणीची दुसरी किल्ली दिली, म्हणजे त्याला न विचारता बदल करायचा हक्क. तेव्हा तो आनंदात होता. आईच्या जाण्यानंतर गाळणीविषयी सांगावं असं कुणी उरलं नव्हतं. पण आता त्याने तिचा सगळा इतिहास उपसून काढला. गाळणीतल्या प्रत्येक बदलावर तो कुणी, कोणत्या पत्त्यावरून, किती वाजता केला याचा शिक्का आपोआप बसतो. ते शिक्के त्याने एका कागदावर मांडले. सगळे एकाच अनोळखी पत्त्यावरून, सकाळी दहा ते संध्याकाळी सहा. म्हणजे ती हे काम नोकरी म्हणून करत होती. कुणाची नोकरी? आणि गेले तीन महिने ती नवीन काहीच करत नव्हती. त्याच्याच, चार वर्षांपूर्वीच्या जुन्या ओळी शोधून त्या पुन्हा लिहीत होती. काम तेच, ओळी तिच्या. कारण विचारलं तर, "या ओळी जुन्या झाल्या आहेत." जुन्या कसल्या? त्याहून जुन्या ओळींना तिने हातही लावला नव्हता. एकेक वीट काढून तिथे आपली वीट बसवत जायचं, आणि एक दिवस घर आपलं म्हणायचं. आयत्या बिळावर नागोबा, दुसरं काय. दीड महिन्यापूर्वी तिने लिहिलं होतं, "एक गोष्ट उघड्यावर लिहिता येणार नाही. समोरासमोर भेटता येईल का?" त्याने उलट लिहिलं, "आधी फोनवर बोलू." तिचं उत्तर दोन दिवसांनी आलं: "फोन मला जमत नाही." आवाज द्यायला जमत नाही आणि भेटायला मात्र बोलावते! त्याने उत्तर दिलं नव्हतं. आता त्याला स्वतःच्या त्या सावधपणाचा अभिमान वाटला.

गुरुवारी धोरणप्रमुखाने बोलावलं. खोलीला तीन बाजूंनी काच होती आणि चौथ्या बाजूला फळा. फळ्यावर काहीतरी लिहून पुसलेलं होतं आणि त्यातला एक बाण तेवढा राहिला होता. धोरणप्रमुख त्याच्यापेक्षा दहा वर्षांनी लहान, पण 'काका' म्हणण्याइतका उद्धट नव्हता. चहा आला. "रागावलात का लिफ्टमध्ये? मला वाटलं गंमत वाटेल," धोरणप्रमुख म्हणाला. "कुणी सांगितलं तुम्हाला?" "आमच्याकडे वकील आहेत, ते वाचतात. वाचणाऱ्याला सगळं मिळतं." मग तो खुर्ची पुढे ओढून बसला. "बघा, आम्ही गाळणी कंपनीत घेणार. पुढची आवृत्ती आमची, आमच्या नावाने. लहान यंत्रवाल्यांनी वर्षाला फी भरायची. तुम्हाला शेअर्स, पद, पाच जणांची टीम. सही तुमची लागेल." तो म्हणाला, "ती सगळ्यांसाठी आहे." धोरणप्रमुख हसला, पण वाईट हसला नाही, आणि त्यामुळेच त्याचं बोलणं आत गेलं. "सगळ्यांसाठी म्हणजे कुणासाठी? तुमची गाळणी सगळ्यात जास्त कोण वापरतं माहिती आहे? आम्ही. तीन कोटी बैठका. एखाद्या बहिऱ्या म्हाताऱ्याला तुमच्यामुळे शंभर रुपये वाचले असतील, आम्हाला शंभर कोटी वाचले. साहेब, तुम्ही सतरा वर्षं वाटप केलंत, पण वाटलंत ते श्रीमंतांना. मी उलट फी घेऊन तुम्हाला देतोय. आता सांगा, दोघांतला समाजवादी कोण?"  ह्याचं उत्तर त्याला जिन्यात सुचलं, पण तोवर हातात कागदांची जाड फाइल आलेली होती. "निवांत वाचा. सोमवारी बोलू. शेवटची पुरवणी मात्र नक्की वाचा," धोरणप्रमुखाने दारातून सांगितलं. हे त्याने इतक्या आग्रहाने सांगितलं की वाचू नये असं याने तिथेच ठरवलं. ज्या कागदाची इतकी भलामण, त्यात गळ असणार. फाइल घरच्या खणात गेली.

शनिवारी सकाळी घरचा कॉम्प्युटर सुरू व्हायला तयार नव्हता. ऑफिसचा लॅपटॉप टेबलावर उघडाच होता. त्याने त्यावरून गाळणी फक्त पाहायला उघडली, आणि पहिल्याच ओळीवर अडला. खारूताईने सकाळी दहा वाजून चार मिनिटांनी आईचा आवाज काढून टाकला होता.

गाळणीची परीक्षा एका वाक्यावर व्हायची. आई स्वयंपाकघरात उभी, मिक्सर चालू, मागे नळ, आणि तो फोन तोंडासमोर धरून "आई, काहीतरी बोल, बोल ना" असं ओरडतोय. आई वैतागून म्हणते, "मला ऐकू येतंय, ओरडू नका." त्याला एकट्याला 'नका' म्हणाली होती ती, चिडली की ती मुलालाही अहोजाहो करायची. आधी परीक्षेला त्याच्या स्वतःच्या आवाजातलं एक-दोन-तीन होतं. आई शेवटच्या आजारात आठवडाभर हॉस्पिटलात होती, तेव्हा तो तिच्या खाटेशी बसून, वेळ जात नाही म्हणून, गाळणीत बारीकसारीक दुरुस्त्या करत राहिला. त्यातच त्याने हे वाक्य फोनमधून काढून तिथे ठेवलं. तेव्हापासून जगात कुठेही कुणीही गाळणीत बदल सुचवला की त्याला आधी आईचं वाक्य त्यातून गाळून ऐकावं लागायचं. भाषा न कळणारी माणसंसुद्धा ऐकायची. आई गेल्यावर त्याला धीर होता तो एवढाच, की या घटकेला कुठल्या तरी खोलीत कुणीतरी तिचं बोलणं मन लावून ऐकत असेल. आणि त्या जागी आता दुसरीच फाइल होती. खाली खारूताईची चिठ्ठी: "हे करावं लागलं, माफ करा. आधी ऐकून घ्या, मग ठरवा."

गाळणीच्या पहिल्या पानावर, सगळ्यात वर, त्यानेच घातलेला एक नियम होता: ऐकल्याशिवाय नाही म्हणू नये. कुणाचाही बदल नुसता वाचून नाकारायचा नाही, चालवून, कानाने ऐकून, मगच काय ते बोलायचं. सतरा वर्षांत त्याने तो मोडला नव्हता, अगदी वेड्यावाकड्या बदलांनासुद्धा नाही. त्या सकाळी त्याने ऐकलं नाही. तो रागाने पेटला होता, आणि खरं सांगायचं तर त्या रागात त्याला सुखही वाटत होतं, कारण इतके दिवस ज्याला तो संशय म्हणत होता त्याला आता पुरावा मिळाला होता. त्याने आईची फाइल परत जागेवर बसवली. खारूताईने तीन महिन्यांत बदललेल्या सगळ्या ओळी उलटवून आपल्या जुन्या ओळी परत आणल्या. तिची किल्ली काढून घेतली. आणि उघड्यावर, सगळ्यांना दिसेल असं लिहिलं: "तुला कुणी पाठवलंय ते मला कळलंय. मेलेल्या माणसाचा आवाज पुसायचे किती मिळतात?" बायको चहा घेऊन आली आणि त्याच्या खांद्यावरून ते वाचून गेली. "ओरडतोयस कशाला इतका?" ती म्हणाली. तो तर गप्प बसला होता.

रविवारी मेहुणा आला, त्याने विचारलं, "भावोजी, तब्येत बरी नाही का?" आणि त्यात काही काळंबेरं नव्हतं. दुपारी बायको आणि मेहुणा बाहेर पडले, घर रिकामं झालं, आणि त्याने खणातून फाइल काढली ती नकारपत्र कसं लिहावं याचा नमुना मिळेल म्हणून. शेवटची पुरवणी एका पानाची होती. गाळणीतले अकरा बदल, तारखा एकाच आठवड्याच्या. दहा ओळी आणि एक ध्वनिफीत. प्रत्येकापुढे त्यावर बसलेला शिक्का, आणि शिक्क्यात पत्ता कंपनीचा. खाली एकच वाक्य: हे अकरा भाग कंपनीच्या मशीनवर तयार झाले असल्याने ते कंपनीच्या मालकीचे असून ते बाहेर वाटण्याचा अधिकार सदर कर्मचाऱ्यास नव्हता.

हॉस्पिटलात त्याने ऑफिसचा लॅपटॉप नेला होता.

हे त्याला आठवायला काहीच वेळ लागला नाही. खाटेची पांढरी लोखंडी कड आठवली, तिच्यावर टेकवलेला लॅपटॉप आठवला, त्याच्या झाकणावरची कंपनीची निळी चिकटी आठवली. खारूताईचे दोनशे शिक्के त्याने कागदावर मांडले होते, स्वतःचे अकरा कधी पाहिले नव्हते. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ शोधायला त्याने भिंग घेतलं होतं. आता तो भराभर ताडून पाहू लागला. तीन महिन्यांत खारूताईने पुन्हा लिहिलेल्या ओळी: दहा. त्याच दहा. अकरावी ती ध्वनिफीत. कंपनीची एकेक वीट ती काढत होती, म्हणजे घर कुणा एकाचं होऊ नये. दहा वाजून चार मिनिटांनी तिने शेवटची वीट काढली होती, आणि अर्ध्या तासात त्याने अकराही परत बसवल्या होत्या, त्याही ऑफिसच्या लॅपटॉपवरून, ताज्या शिक्क्यानिशी.

तिने आईच्या जागी ठेवलेली ती फाइल त्याने उघडली. घरच्या कॉम्प्युटरची तार सैल झाली होती, एवढंच त्याचं दुखणं होतं. त्याने हेडफोन लावले. आधी मिक्सर. मग नळ. तिने सगळं तसंच मांडलं होतं, मागून कुणीतरी ओरडतंयसुद्धा. मग एका बाईचा आवाज, ना तरुण ना म्हातारा. शब्द जाड, कडा नसलेले, 'र' जिभेखाली हरवलेला, चढउतार भलत्याच ठिकाणी. स्वतःचं बोलणं कधीच नीट ऐकायला न मिळालेल्या माणसाचं बोलणं. आईच्या कानांच्या दवाखान्यातल्या बाकावर अशी मुलं त्याने पाहिली होती, घशावर हात ठेवून शब्द शिकणारी. तो आवाज म्हणाला, "मला ऐकू येतंय, ओरडू नका."

फोन मला जमत नाही. त्याने हेडफोन काढले आणि हात कुठे ठेवावेत ते न कळून गुडघ्यांवर ठेवले. त्याला स्वतःची किळस आली. तिचा आतापर्यंतचा सगळा मजकूर तो परत वाचत गेला, आणि दोन वर्षांपूर्वीच्या पहिल्याच पत्रात, जे त्याने तेव्हा दुरुस्तीच्या घाईत ओलांडलं होतं, ते होतं: ती यंत्रं दुरुस्त करणाऱ्या एका लहान कारखान्यात काम करते, गाळणी तिच्या कानात आहे, मालक दिवसभरातला काही वेळ या कामाला देतो. दहा ते सहा. फी मागणारी नोटीस त्या कारखान्याला आधीच गेली असणार, हीच पुरवणी जोडून. उघड्यावर लिहिलं असतं तर कंपनीने वाचलं असतं. वाचणाऱ्याला सगळं मिळतं. म्हणून तिने भेटायला बोलावलं, आणि त्याने आवाज मागितला.

त्याने तिला लिहिलं. पत्र परत आलं, त्या पत्त्यावर आता कुणी नाही. दुसरीकडे लिहिलं, तिथेही नाही. त्याने तिची किल्ली परत केली, पण घ्यायला कुणी असेल असं त्याला वाटेना. त्याने जे लिहिलं होतं ते जगभरच्या चारशे माणसांनी वाचलं होतं, आणि तीही त्यांतलीच. स्वतः नवीन ओळी लिहाव्यात तर तो कंपनीचा माणूस, त्याच्या ओळींवर वकील उद्या बोट ठेवणार. मात्र तिने दिलेलं तिथेच होतं. उघड्या कोडाचा एक नियम असा की एकदा दिलेलं परत घेता येत नाही, देणाऱ्याला रागावूनसुद्धा नाही. ती निघून गेली होती आणि तिच्या दहा ओळी गेल्या नव्हत्या. त्याने घरच्या कॉम्प्युटरवरून त्या एकेक करून जागेवर ठेवल्या. प्रत्येकीपुढे तिचंच नाव ठेवलं. नऊ, दहा. 

अकरावी आईची होती. धोरणप्रमुखाला हे होणार हे ठाऊक असेल का, आईपाशी येऊन हा अडखळणार असा त्याचा हिशोब असेल का, तो 'नक्की वाचा' एवढ्यासाठीच म्हणाला असेल का, असे विचार सवयीने आले. या वेळी त्याने ते येऊ दिले आणि जाऊ दिले. त्याने आईचं वाक्य एकदा लावलं. ती नेहमीसारखीच वैतागली. चार वर्षं ते वाक्य कंपनीच्या मालकीचं होतं, आणि हे ऐकलं असतं तर ती काय म्हणाली असती ते त्याला नेमकं माहीत होतं, आणि ते छापण्यासारखं नव्हतं. त्याने ते पुसलं. फोनमध्ये मूळ प्रत होती, ती राहील, पण आता ते कुठल्याच खोलीत कुणी ऐकणार नव्हतं. तो रडला, तोंड दाबून नाही, मोकळा, घरात कुणी नव्हतं म्हणून.

मग त्याने खारूताईचा आवाज आईच्या जागी ठेवला, कारणाच्या रकान्यात लिहिलं, "ऐकलं. माझी चूक," आणि नियमाप्रमाणे परीक्षा लावली. गाळणीने मिक्सर गाळला, नळ गाळला, मागचं ओरडणं गाळलं. जे उरलं ते त्याने डोळे मिटून, शेवटच्या हरवलेल्या अक्षरापर्यंत ऐकलं. मला ऐकू येतंय, ओरडू नका.

"नाही ओरडत," तो रिकाम्या खोलीत म्हणाला. उद्याच्या सहीचं पान त्याने फाइलमधून काढलं आणि बायकोच्या वह्यांच्या गठ्ठ्यावर, पाठकोरं म्हणून, ठेवून दिलं.